बासुंदीची नक्कल नको, मणगणं करा

पत्र: नमस्कार ताई, मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर पुण्यात. माझी तेवीस वर्षांची मुलगी बंगळुरूला नोकरी करते. गेल्या वर्षापासून ती व्हीगन झाली आहे. दूध, दही, तूप, पनीर, मध, सगळं बंद. गौरीला ती तीन दिवस घरी येते आहे. आमच्याकडे गौरीजेवणाला पुरणपोळी आणि बासुंदी ठरलेली. मागच्या दिवाळीत तिच्यासाठी मी ओट्स भिजवून, वाटून, गाळून त्या दुधाची बासुंदी आटवायला घेतली, तर भांड्यात अक्षरशः खळ झाली. मग काजू वाटून केली, ती दोन चमच्यांवर कुणाला खाववेना. त्यात यजमानांची एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.२ आली आहे. सासूबाई म्हणतात, दुधातुपाशिवाय नैवेद्य कसला? कोणतं दूध घेतलं तर बासुंदी जमेल? साखरेऐवजी गूळ किंवा खजूर घातला तर यांना चालेल ना? आणि खरं सांगू, तिनं माझ्या हातची वाटी बाजूला सरकवली तेव्हा फार लागलं.

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. वर्षभर घरापासून लांब राहून मुलगी एक नेम धरून आहे, आणि आईपुढेही तो मोडत नाही. हा ठामपणा तिला कुठून मिळाला असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तुम्हाला लागलं हे मी समजू शकते. पण त्या दिवशी पंगतीत काय झालं ते डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांच्या वाटीत खरी बासुंदी, आणि तिच्या एकटीच्या वाटीत वेगळी केलेली, फसलेली. ती खाणंही अवघड आणि नको म्हणणंही अवघड. म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हे, की तिच्यासाठी वेगळी वाटी करूच नका. ज्याला मुळात दूध लागतच नाही असं एखादं गोड एकाच पातेल्यात सगळ्यांसाठी करा. सासूबाईंनी तेच खावं, यजमानांनी तेच खावं आणि लेकीनंही तेच.

बासुंदी दुसऱ्या दुधाची का होत नाही, ते सांगते, म्हणजे हाताला दोष देणार नाही. दूध मंद आचेवर आटतं तेव्हा नुसतं पाणी उडत नाही. वर साय धरते, ती आपण कडेला लावत जातो आणि पुन्हा दुधात मोडतो. दुधातली प्रथिनं आणि दुधातलीच साखर तासभर एकत्र तापून तो बदामी रंग आणि खमंग वास येतो. ओट्समध्ये यातलं काही नाही, आहे तो बहुतांशी स्टार्च. स्टार्च पाण्यात शिजला की खळ होणारच, त्यात तुमची काही चूक नाही. बाजारातल्या बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, ते आटवून हाती काही लागत नाही. सोयाच्या दुधावर साय धरते खरी, पण त्याचा कच्च्या शेंगांसारखा वास वेलची-केशर घालूनही लपत नाही. काजूची बासुंदी दाट होते, पण तुम्ही अनुभव घेतलाच आहे. म्हणून बासुंदीच्या मागे लागू नका असंच मी म्हणेन. जी चव दुधाची आहे ती दुधालाच राहू द्या.

आता थोडं घाट उतरून खाली या. माझं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. आमच्याकडे सणाचं गोड म्हणजे बहुतेक वेळा नारळाचा रस. मालवणात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, रसात बुडवून खातात, श्रावणात हळदीच्या पानात पातोळ्या होतात, आणि गोव्यात देवळातल्या महाप्रसादाच्या पंगतीत असो की लग्नाच्या, केळीच्या पानावर मणगणं, म्हणजे हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ नि नारळाच्या दुधाची खीर, वाढतात. यातल्या कशातही गाईम्हशीचं दूध नाही. कुणी मुद्दाम वगळलेलं नाही. दारात माड होता, ताटात तेच आलं. तुमच्या लेकीच्या नेमाला बसणारं जेवण आपल्याच भाषेच्या मुलखात, आंबोलीचा घाट उतरला की तयार आहे. त्यासाठी बाहेरच्या महागड्या डब्यांची गरज नाही.

तुमच्यासाठी मी मणगणं निवडलं, कारण त्यात हरभऱ्याची डाळ आहे. नुसत्या तांदळाच्या किंवा शेवयांच्या खिरीपेक्षा डाळीचं गोड पोटात सावकाश पचतं, आणि प्रथिनं नि चोथाही देतं. तुमच्या यजमानांच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं.

माझी वाटी २०० मिलीची आहे आणि हे प्रमाण आठ लहान वाट्यांचं. पाऊण वाटी हरभऱ्याची डाळ धुऊन दोन तास भिजवा. साबुदाणा दोन मोठे चमचे, तोही धुऊन अर्धा तास. पारंपरिक मणगण्यात साबुदाणा याच्या दुप्पट असतो, पण तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणून मी कमी केला. अगदी काढून मात्र टाकू नका, त्याचं कारण पुढे येईलच. किसलेला गूळ अर्धी वाटी. आमच्याकडे डाळीइतका किंवा त्याहून जास्त घालतात. एक मोठा नारळ, आठ-दहा काजू तासभर भिजवलेले, वेलची, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ. गौरीच्या दिवसांत मंडईत हळदीची पानं मिळतात, एक आणून ठेवा.

नारळाचं दूध काढायला थोडा वेळ द्या, कारण सगळी मदार त्यावर आहे. नारळ खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ येऊ देऊ नका, रंग मळतो. खवलेलं खोबरं पाऊण वाटी कोमट पाण्यात मिक्सरमधून फिरवा. पाणी कोमटच हवं, उकळतं नको. पातळ सुती फडक्यातून घट्ट पिळा. हे पहिलं दूध, दाट, ते बाजूला झाकून ठेवा. तोच चोथा पुन्हा सव्वा वाटी पाण्यात फिरवून पिळा, आणि मग तिसऱ्यांदा. दुसरं आणि तिसरं एकत्र करा, मिळून अडीच वाट्यांच्या आसपास भरेल. फडकं पिळायला मनगटात जोर लागतो, तेवढं काम लेकीकडे द्या.

डाळ साध्या पाण्यात, झाकण अर्धवट ठेवून शिजवा. कुकरला लावायची तर एकच शिटी. बोटांत दाबली की चेपली पाहिजे, पण दाणा दिसला पाहिजे. पुरणाला करतो तशी गाळ शिजली तर मणगण्याचं पिठलं होईल. डाळ शिजली की जास्तीचं पाणी काढून ठेवा, त्याची तिखट कटाची आमटी होते हे तुम्हाला सांगायला नको. आता डाळीत पातळ दूध, साबुदाणा आणि काजू घालून मध्यम आचेवर ठेवा. हळदीचं पान गाठ मारून सोडा. साबुदाणा काचेसारखा पारदर्शक झाला की गूळ आणि मीठ. गूळ विरघळून पाचेक मिनिटं उकळी आली की आच अगदी बारीक करा आणि मगच दाट दूध घाला. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. कडेला बुडबुडे दिसायला लागले की बंद. वेलची-जायफळ शेवटी.

दाट दूध उकळायचं नाही यावर मी इतका भर देते, कारण लग्नानंतर पहिल्या वर्षी मीच ते खळखळून उकळलं होतं आणि वर तेलाचे डोळे तरंगले होते. आमच्या सासूबाईंनी काही न बोलता चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून त्यात सोडली आणि पातेलं सावरलं. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब धरून ठेवणारी प्रथिनं फार थोडी असतात, जोराच्या उष्णतेनं ती सुटतात आणि तेल वेगळं होतं. साबुदाणा काढू नका म्हटलं ते यासाठीच. त्याचा आणि डाळीचा स्टार्च हे थेंब अडवून धरतो. उलट गाईच्या दुधात तुम्ही गरम असताना गूळ घातला तर ते फाटतं, हे आपण सगळ्याच जाणतो. नारळाच्या दुधाला गूळ बाधत नाही, त्याला भीती आचेची.

आता यजमानांबद्दल स्पष्ट बोलते. ६.२ म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावरचा पट्टा. ५.७ ते ६.४ हा आकडा जपून राहायला सांगतो. अशा वेळी गूळ 'चालतो' ही समजूत घराघरांत आहे आणि ती मला काळजीची वाटते. गुळाला रंग आहे, वास आहे, थोडे क्षार आहेत, पण तो मुख्यतः साखरच आहे. रक्तातली साखर वाढवण्यात तो साखरेच्या फार मागे नाही. खजुरात चोथा असतो, तरी सुक्या खजुराच्या वजनातही निम्म्याहून जास्त साखरच. म्हणून काय घातलं यापेक्षा किती घातलं ते मोजा. वरच्या प्रमाणात अर्धी वाटी गूळ, म्हणजे साधारण १०० ग्रॅम. आठ वाट्या केल्या तर एकीत १२ ते १३ ग्रॅम येतो. वाटी लहान घ्या, आमटीची नको. त्यांनी ती जेवणाच्या शेवटी घ्यावी, उपाशीपोटी नको. दुसरी वाढू नका, आग्रह तर मुळीच करू नका. सणाला आग्रह करायची आपली सवय आहे, पण त्यांच्यासाठी यंदा तो कोशिंबिरीचा आणि भाजीचा करा. अर्धी वाटी गूळ कमी वाटला तर पुढच्या वेळी वेलचीबरोबर चिमूटभर सुंठ घालून बघा. मीठ विसरू नका, त्यानं गोडवा उठून दिसतो.

नारळाचंही खरं सांगायला हवं. वनस्पतीपासून आलं म्हणून ते हलकं असतं असं नाही. नारळाच्या स्निग्धांशाचा बहुतांश भाग तुपासारखाच संपृक्त असतो. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर हे गोड सणापुरतंच. म्हणून घट्ट दूध पाऊण वाटीच घ्या. रोजच्या खिरीला मी लेकीला नाचणीचं सत्त्व सुचवेन. नाचणी रात्री भिजवून, वाटून, गाळून, खाली बसलेलं सत्त्व पाण्यात शिजवायचं आणि उतरवल्यावर दोन चमचे नारळाचं दूध वर. बंगळुरूला नाचणी म्हणजे रागी, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.

गौरीजेवणाच्या दिवसाचं जरा वेगळं सांगते. त्या दिवशी पुरणपोळी आहेच, आणि पुरणातही हरभऱ्याची डाळ नि गूळच. त्याच ताटात मणगणं ठेवलं तर एकावर एक होईल, यजमानांना तर नकोच. म्हणून मणगणं करा आवाहनाच्या दिवशी, लेक घरात पाऊल टाकेल त्या संध्याकाळी. पूजनाच्या दिवशी बासुंदीच्या जागी नुसता रस ठेवा. पातळ आणि दाट दूध एकत्र, त्यात चमचा-दोन चमचे गूळ, वेलची, फक्त कोमट. कोकणात पुरणपोळी अशीच नारळाच्या दुधात बुडवून खातात. आणि तुमच्या सातारकडची गुळवणी आठवा. ती तर निव्वळ पाणी, गूळ, सुंठ नि वेलची. ती तुमच्याच माहेरची. पोळ्या तेलपोळीसारख्या तेलाच्या हातानं लाटा, तव्यावर तूप सोडू नका. ज्यांना तूप हवं त्यांच्या पोळीवर पानात वाढा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा प्रश्न श्रद्धेचा आहे, तो तसाच ऐकून घ्या. पंचामृत पंचामृतच राहू दे, त्यात दूध-दही-तूप-मध असणारच. नैवेद्याच्या भातावर अन्नशुद्धीचं तूपही पडू दे. लेकीनं ते तीर्थ म्हणून घ्यायचं की नुसता नमस्कार करायचा, हे तिच्यावर सोडा. पण त्यांना एक गोष्ट शांतपणे सांगा, की कोकणात प्रत्यक्ष गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य होतो, आणि ते घाटलं नारळाच्या दुधातलंच असतं. गौरीला चालतं, मग आपल्याला का नको? दुसरं, ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. परसातल्या भाज्या आणि हातानं पिकवलेलं धान्य, एवढ्यावर तो दिवस काढतात. तुमच्या सासूबाईंनी हे व्रत कदाचित वर्षानुवर्षं केलं असेल. मुक्या जनावराला एक दिवस विसावा द्यायचा हा विचार आपल्या घरातच होता. नातीनं तो एका दिवसाऐवजी रोजचा केला आहे. त्या दोघींना गौरीजेवणाची भाजी एकत्र निवडायला बसवा, मला वाटतं आजीच तिला समजून घेईल.

खरेदी करताना दोन गोष्टी तपासा, कारण इथे नकळत घोटाळा होतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो, त्यात दूध असू शकतं. २०२२ पासून आपल्याकडे व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आलं आहे, हिरवं इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्याला पान. ते पाहून घ्या. आणि नारळाच्या दुधाची पावडर वापरायची वेळ आली तर मागचा घटकांचा तक्ता जरूर वाचा. बऱ्याच पावडरींत सोडियम केसिनेट असतं. ते दुधातलंच प्रथिन. तुमच्या मनात काही नसताना लेकीच्या नेमाला बाध येईल आणि पुन्हा तीच वाटी सरकेल. त्यापेक्षा नारळ खवलेला बरा.

लेकीच्या तब्येतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई म्हणून मनात असेलच. एक पेलाभर दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळत होतं, नारळाच्या दुधात ते जवळजवळ नाहीच. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला हे तिच्या रोजच्या खाण्यात असू द्या. जीवनसत्त्व बी-१२ मात्र कोणत्याच डाळी-भाजीतून भरवशानं मिळत नाही. त्याची गोळी तिला लागेलच. आधी रक्त तपासून डॉक्टरांना विचारून सुरू करायला सांगा. हा भाग प्रेमानं पण ठामपणे बोला, कारण बी-१२ ची कमतरता सावकाश येते आणि अनेकदा हातापायांना मुंग्या येईपर्यंत कळत नाही.

गौरीच्या गडबडीत पहिल्यांदा करू नका. श्रावणातल्या एखाद्या निवांत रविवारी अर्ध्या प्रमाणात एकदा करून पाहा, म्हणजे आचेचा अंदाज येईल. नारळ फोडल्यावर खोबऱ्याचा तुकडा आधी चाखा. किंचित खवट लागला तरी तो नारळ बाजूला ठेवा, कारण मणगण्यात तो वास लपत नाही. केलेलं चार-पाच तासांत संपवा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेलं असेल आणि वर पांढरे गोळे दिसतील. ते खराब झालेलं नसतं, नारळाचं तेल थंडीनं गोठतं एवढंच. थोडं पातळ दूध राखून ठेवलं असेल तर ते घालून, पातेलं गरम पाण्यात ठेवून हलवा. पिळून उरलेला चोथा टाकू नका. कोरडा भाजून त्यात लसूण, लाल मिरची आणि थोडी चिंच घाला, भाकरीबरोबर छान लागतो, आणि बंगळुरूला जाताना लेकीच्या डब्यात देता येतो.